एका खड्ड्यावर दोन दावे

युद्धानंतरच्या न्यायाची चर्चा आपण सहसा न्यायालयापासून सुरू करतो. आज ती सामूहिक दफनाच्या खड्ड्यापासून सुरू करू. त्या खड्ड्यावर दोघांचा दावा असतो. सरकारी वकिलाला गुन्हा सिद्ध करायचा असतो: माणसं किती, हात बांधलेले होते का, गोळी मागून लागली का. घरच्यांना एकच माणूस हवा असतो, नावासकट. दोघांचं काम एकाच मातीत चालतं, म्हणून ते एकच आहे असं वाटतं. ते एक नाही.

बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साचं उदाहरण घ्या. जुलै 1995 मध्ये तिथे सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. पुढच्या दोन-तीन महिन्यांत, गुन्हा लपवण्यासाठी, मारेकऱ्यांनी खोदयंत्रांनी ते खड्डे उकरले आणि प्रेतं ट्रकमधून आडबाजूला नेऊन पुन्हा पुरली. यंत्राचं दातेरी फावडं प्रेत उचलताना ते तोडतं. त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन, तीन, कधी त्याहूनही जास्त खड्ड्यांत सापडली. कोणता दुय्यम खड्डा कोणत्या मूळ खड्ड्याचा, हे माती, डोळ्यांवरच्या पट्ट्यांचं कापड अशा खुणांवरून जुळवलं गेलं. कोझलुकच्या मूळ खड्ड्यात हिरव्या बाटल्यांच्या काचा होत्या, तशाच काचा चान्चारी रस्त्यावरच्या एका दुय्यम खड्ड्यात निघाल्या. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी हेगला नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 1996 पासून खोदकाम केलं, आणि खटल्यासाठी तो भक्कम पुरावा होता. आयांच्या दृष्टीने मात्र त्या अस्थी म्हणजे क्रमांक टाकलेल्या पिशव्याच राहिल्या.

सुरुवातीला ओळख कपड्यांवरून, खिशातल्या वस्तूंवरून पटवली जाई. त्यात चूक हमखास होते. स्रेब्रेनित्सासारख्या वेढा पडलेल्या गावातल्या माणसांनी मदतीत आलेले कपडे घातलेले असतात, एकमेकांचे कोट घेतलेले असतात. आणि चुकीचं प्रेत एका घरी गेलं की चूक एक राहत नाही: दुसऱ्या घराचा शोध कधीच संपत नाही, कारण त्यांचा माणूस आधीच कुणा दुसऱ्याच्या नावाखाली पुरलेला असतो.

2001 पासून बोस्नियात डीएनएवर मोठ्या प्रमाणात काम सुरू झालं आणि क्रम उलटा झाला. आधी प्रयोगशाळा नाव सुचवते, मग अस्थितज्ज्ञ वय, उंची, जुन्या जखमा पडताळतो. नमुन्यासाठी मांडीचं हाड किंवा दाढ उत्तम. नातेवाइकांच्या बोटातून रक्ताचे थेंब एका कार्डावर घेतात. जुळणीची खात्री निदान 99.95 टक्के असेल तरच अहवाल निघतो. एका बेपत्ता माणसामागे एकच नातेवाईक बहुधा पुरत नाही. आईवडील किंवा मुलं सर्वांत उपयोगी. स्रेब्रेनित्सात मोठी अडचण सख्ख्या भावांची आली. आईवडिलांच्या रक्तावरून ‘हा या दोघांचा मुलगा’ एवढंच कळतं, कोणता मुलगा ते कळत नाही. भावांपैकी एखाद्याला मूल असेल तर त्याच्या रक्ताने गाठ सुटते. नाहीतर वयातल्या फरकावर आणि दातांवर भिस्त.

ओळख पटल्यावरही काम संपत नाही. हाती बरगड्या आणि एक हात असेल, तर आत्ता दफन करायचं की बाकीचं मिळेपर्यंत थांबायचं? हा निर्णय कुटुंबाचाच. माझं मत असं, की पुढे सापडणाऱ्या प्रत्येक हाडाची खबर हवी का, हेही त्याच बैठकीत विचारून लेखी ठेवावं. दर वेळी कबर उघडणं सगळ्यांना झेपत नाही.

आता अवघड प्रश्न: खणायचं कुठे? जागा ज्यांना ठाऊक असतात त्यांतले कित्येक जण स्वतः गुन्ह्यात असतात. सायप्रसमध्ये बेपत्तांच्या शोधासाठी 1981 मध्ये नेमलेल्या समितीच्या यादीत 2,002 नावं आहेत. ती मृत्यूचं कारण ठरवत नाही, जबाबदार कोण हेही सांगत नाही. म्हणूनच लोक तिच्याशी बोलतात. त्याची किंमत घरच्यांनी मोजायची: माणूस मिळतो, मारेकरी नाही. कोलंबियाने 2016 च्या शांतता करारानंतर मधला मार्ग काढला. तिथल्या शोध यंत्रणेला दिलेली माहिती खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, पण अस्थींचा न्यायवैद्यक अहवाल न्यायालय मागू शकतं. शब्दाला संरक्षण, हाडाला नाही. मला ही रचना सर्वांत शहाणी वाटते, अर्थात बोलणाऱ्याचा तिच्यावर विश्वास बसला तर.

बोस्नियात 2004 साली बेपत्तांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यात घरच्यांचा माहितीचा हक्क आला; त्यातच लिहिलेला कुटुंबांसाठीचा निधी मात्र उभाच राहिला नाही. शवागारांत आजही अशा अस्थी आहेत ज्यांचा डीएनए कुणाशीच जुळत नाही. त्यांतल्या काहींची कुटुंबं कपड्यांवरून ओळख पटवण्याच्या काळातल्या चुकीत सापडलेली असू शकतात: त्यांनी आपला माणूस पुरला असं धरलेलं, म्हणून रक्त कधी दिलंच नाही. हे तपासायचं तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी दफन उरकलेल्या घराच्या दारात जाऊन रक्ताचे चार थेंब मागावे लागतात, आणि कशासाठी ते सांगावंही लागतं.