गरम आहे तोवर बसा

(दृश्य : जळगाव. आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) दिवस, दिवेलागण झालेली. हॉटेलच्या हिरवळीवर पाइपने पाणी मारणं चाललंय, कोपऱ्यातले मोठे कूलर सुरू होताहेत.)

एप्रिल-मेमध्ये खान्देशात बाहेर जेवायला कधी निघायचं, हे ऊन ठरवतं. पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो. जळगाव, भुसावळ, धुळे, दुपारभर सगळीकडे रस्ते ओस. नऊ वाजले की मात्र गाड्या बाहेर निघतात. पुढे एक जोडपं, मधे पोरगं. मागून दुसरी जोडी. कुठे जायचं ते आधीच ठरलेलं असतं, आणि बरेचदा ते चायनीजचं हॉटेल असतं.

आज आमचीही मंडळी जमली आहेत. मी, माझा नवरा, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी, आणि आखाजीला माहेरी आलेली माझी मैत्रीण. आखाजी हा आमच्याकडे माहेरवाशिणींचा सण. झाडाला झोके, झोक्यावर गाणी, घरात सांजोऱ्या, पुरणपोळी, आमरस. दोन दिवस गोडाचं झालं की मैत्रिणींचा एकच धोशा सुरू होतो : आज काहीतरी तिखट, आणि आज कुणी गॅसपाशी उभं राहायचं नाही.

या दुसऱ्या अटीसाठी मी हा लघुपट करते आहे.

(दृश्य : भटारखाना. भट्टीचा आवाज. लोखंडी कढई, काठाशी ज्योत.)

आधी आत जाऊ. कारागीर नेपाळचा आहे. जळगावला येण्याआधी नाशिकला आणि सुरतेला काम केलेलं. भट्टीचा आवाज एवढा, की ऑर्डर सांगणाऱ्या पोऱ्याला ओरडावं लागतं. कढईतून धूर निघू लागला की तेल, मग लसूण, आलं, हिरवी मिरची. लसणाचा रंग पालटायच्या आत कोबी आणि सिमला मिरची. डाव्या हाताने कढई उडते, उजव्या हातात पळी. सोया सॉस तो भाजीवर ओतत नाही, कढईच्या तापलेल्या काठावरून सोडतो. सॉस खाली पोचेपर्यंत चर्रकन करपतो, आणि बाहेर हिरवळीवर बसलेल्यांना जो वास येतो तो या करपण्याचा. भात दुपारीच शिजवून परातीत पसरलेला असतो. गार झाला म्हणून दाणा मोकळा राहतो. वरून कांद्याची पात. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचा खेळ.

आता ग्रेव्ही बघा. वाटीभर पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लॉवर तो उकळत्या रश्शात ओततो. रस्सा आधी गढूळतो, मग दाटतो, मग त्याला काचेसारखी चकाकी येते. ही चकाकी मक्याच्या स्टार्चची. मका आमच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचं पीक आहे, आणि धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढणारा जुना कारखाना आहे. परकं म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्या मंचुरियनचा दाटपणा आमच्या शिवारात पिकतो.

आणि याच स्टार्चमुळे हे जेवण थांबून राहत नाही. ग्रेव्ही गार होऊ लागली की तिचा गोळा होतो. मंचाव सूपवरच्या तळलेल्या नूडल्स दोन मिनिटांत मऊ पडतात. ड्राय मंचुरियनचं कुरकुरीत आवरण पाच मिनिटांत ओलं होतं. परत गरम करून ती गोडी येत नाही. ताट आलं की सगळ्यांनी तेव्हाच खायचं.

(दृश्य : टेबल. पाच जण. पोऱ्या ‘वन बाय टू’ सूप आणून ठेवतो.)

आमच्या घरांत जेवण कसं होतं ते आठवून पाहा. कळण्याची भाकरी तव्यावरून उतरते ती पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जाते. थापणारी बाई शेवटी बसते. तिच्या वाट्याला खालची भाकरी, तळातला रस्सा आणि उरलेला ठेचा. तिला कुणी उपाशी ठेवत नाही, मुद्दाम कुणी काही करत नाही. पण गरम तिला मिळत नाही. शेवभाजी, डाळगंडोरी, पाटोडीचा रस्सा, हे सगळं पुन्हा तापवून चालतं. थोडं मुरलं तर उलट चांगलंच लागतं. म्हणून तिला थांबवणं सोपं जातं.

बाहेरचं म्हणाल, तर शेवभाजीचे ढाबे आमच्याकडे भरपूर आहेत, चवीला एकाहून एक. पण हायवेवरच्या कितीतरी ढाब्यांवर रात्री पुरुषांच्याच पंगती असतात, बाजूला बाटल्या असतात. तिथे बायकोला घेऊन, मैत्रिणींना घेऊन निवांत बसणं पूर्वी सहज जमत नसे. थंडीतली भरीत पार्टी वेगळी. शेतात कपाशीच्या वाळल्या काट्यांवर वांगी भाजायची, सालं काढून लाकडी दांड्याने ठेचायची, सगळ्यांनी रानात बसून खायचं. तिथे बाया-माणसं एकत्र असतात, गडी माणसं भाजायलाही बसतात. पण भाकऱ्या किंवा पुऱ्यांचा भार पुन्हा बायांवरच.

चायनीजच्या टेबलावर हे बदलतं. मधे एक बाऊल, एक प्लेट, सगळ्यांचं मिळून. कोण आधी, कोण नंतर, हा प्रश्नच उरत नाही, कारण सूप गार होतंय. मी डोळ्यांनी पाहिलंय : घरी पाण्याचा तांब्याही स्वतः न उचलणारा माणूस इथे आधी बायकोच्या वाटीत सूप ओततो, मग स्वतःच्या. कुणी शिकवलेलं नसतं. मोठा चमचा त्याच्या हाताशी असतो आणि वाटी तिची रिकामी असते.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा आमच्यासोबत आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपल्याला इथलं काही जमणार नाही. शाकाहारी, त्यात माळकरी, कांदा-लसूण खात नाहीत. त्यांच्यासाठी बिनकांद्या-लसणाच्या, कोबी-सिमला मिरचीच्या हक्का नूडल्स सांगितल्या. आमच्याकडे जैन आणि मारवाडी कुटुंबं बरीच, त्यामुळे ‘जैन बनवा’ म्हटलं की कारागिराला पुढे काही सांगावं लागत नाही. वाफाळती प्लेट समोर आली. सवयीने त्या म्हणाल्या, “तुम्ही घ्या आधी, मी बसते मागून.” वहिनींनी प्लेट त्यांच्यापुढे सरकवली : “मावशी, हे मागून नसतं. गरम आहे तोवरच.” त्यांनी काट्याला नूडल्स गुंडाळायचा प्रयत्न केला, मग सरळ हाताने खाल्ल्या, आणि पूर्ण प्लेट संपवली. इतक्या वर्षांत सगळ्यांच्या बरोबर बसून, पहिल्या घासापासून गरम जेवताना मी त्यांना तेव्हा पाहिलं.

(दृश्य : जळगाव स्थानक. मुंबईकडे जाणारी गाडी फलाट सोडते आहे.)

हे जेवण इथवर आलं कसं? सुरुवात कोलकात्याला होते. १८व्या शतकाच्या अखेरीस टोंग आचिऊ नावाचा चिनी व्यापारी हुगळीकाठी बजबजजवळ आला, वॉरन हेस्टिंग्जकडून त्याला जमीन मिळाली, त्याने ऊस लावून साखरेचा कारखाना काढला. ते गाव आज अछिपूर म्हणून ओळखलं जातं. मग आणखी लोक आले : सुतार, दंतवैद्य, आणि चामडं कमावणारे हक्का समाजाचे लोक. टिरेटा बाजार आणि टांगरा या त्यांच्या वस्त्या. बंगाली गिऱ्हाइकांसाठी त्यांनी आपल्या स्वयंपाकात मिरची वाढवली.

या लोकांनी फार सोसलं आहे. १९६२च्या युद्धानंतर सुमारे ३,००० भारतीय-चिनी माणसांना, लेकराबाळांसकट, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत कोंडलं गेलं. कितीतरी जण सुटल्यावर देश सोडून गेले. त्यांच्या पदार्थांवर आपण एवढं प्रेम करतो. त्यांच्याविषयी एवढं तरी माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

कोलकात्यातच जन्मलेले नेल्सन वांग मुंबईला आले. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत असताना त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लॉवरने दाटपणा आणला. चिकन मंचुरियनचं श्रेय त्यांना दिलं जातं. पुढे १९८३ मध्ये त्यांनी मुंबईत चायना गार्डन सुरू केलं. कोंबडीच्या जागी फ्लॉवर, कोबी, पनीर आलं आणि हा पदार्थ शाकाहारी घरांतही शिरला.

हावड्याहून मुंबईला जाणारी मेल भुसावळ-जळगाववरूनच जाते. पण हे जेवण वाटेत आमच्याकडे उतरलं नाही. आधी मुंबईला गेलं, तिथलं होऊन मग मागे फिरलं. हातगाड्या, गार्डन हॉटेलं, लग्नाच्या बुफेतला स्टॉल. आता तालुक्याच्या गावी बसस्टँडबाहेरही लाल अक्षरांची पाटी दिसते.

(दृश्य : नंदुरबार. मोकळ्या मैदानावर वाळत घातलेल्या लाल मिरचीच्या पथाऱ्या, त्यात वावरणाऱ्या मजूर बाया.)

आल्यावर मात्र खान्देशने त्याला आपल्या तिखटात ओढलं. नंदुरबारचा मिरची बाजार देशात नावाजलेला आहे. हंगामात ओली लाल मिरची ट्रॅक्टर भरभरून येते, व्यापारी ती पथाऱ्यांवर वाळवतात, आणि वाऱ्याबरोबर त्या रस्त्याने जाणाऱ्यालाही ठसका लागतो. मिरची मुळात अमेरिका खंडातली; पोर्तुगीजांमुळे १६व्या शतकात ती भारतात आली. आणि समुद्रामार्गेच चीनला पोचून पुढे सिचुआन प्रांताने ती आपलीशी केली. दोघांनीही उसनी घेतलेली मिरची आता शेजवान (म्हणजे सिचुआनच) चटणीच्या वाटीत भेटते.

चीनमधल्या सिचुआनच्या जेवणात आणखी एक चीज असते, जीभ बधिर करणारी मिरी. आपल्याकडे मिळणाऱ्या शेजवान चटणीत ती बहुधा नसतेच. गंमत म्हणजे तिचंच भावंड कोकणात माशांच्या आमटीत पडतं : तिरफळ. एखाद्या खान्देशी कारागिराने चटणीत तिरफळ घालून बघावं, अशी माझी फार इच्छा आहे.

आमच्या टेबलाशेजारी धुळ्याकडची मंडळी बसली आहेत. त्यांच्यातले एक काका पोऱ्याला अहिराणीत सांगताहेत, “दादा, तिखं जास्त टाकजो.” पोऱ्याही मान डोलावतो.

(दृश्य : हातगाडी. बरणीत लाल रंगाची भुकटी.)

दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली अजिनोमोटोची. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळातून ही चव वेगळी काढली. नेहमीच्या प्रमाणात ती सुरक्षित मानली जाते, तिच्याविषयी जेवढी भीती आहे तेवढं कारण नाही. दुसरी रंगाची, आणि ही जास्त गंभीर. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. आपल्या गाड्यांवरही मंचुरियन कधीकधी इतकं लालभडक असतं की बोटं रंगतात. मिरचीने एवढा लाल रंग येत नाही. ‘बिनरंगाचं द्या’ म्हणायला लाजू नका. जो चांगला आहे तो लगेच देतो.

(दृश्य : कॉलेजजवळचा मोमोचा स्टॉल. ॲल्युमिनियमच्या पेट्यांमधून वाफ.)

कॉलेजांच्या आसपास आता मोमो आलेत. शहादा, तळोदा, चोपड्याहून शिकायला आलेल्या मुली घोळक्याने उभ्या राहून खातात. कोरियन नूडल्सची पाकिटं किराणा दुकानात टांगलेली असतात. मोठ्या हॉटेलांच्या मेनूत थाई करी दिसते. मोमोचं मला विशेष कौतुक, कारण तो पेटीतून निघाला की तिथल्या तिथे खायचा असतो, आणि त्या मुलींनी कुणाच्या मागून जेवायचं ही सवय लावून घेतलेली नाही.

(दृश्य : पुन्हा हिरवळ. अकरा वाजले आहेत. टेबलावर रिकामे बाऊल.)

बिल आलं. नवरा आणि त्याचा दोस्त खिशाकडे हात नेतात, पण आज वहिनींनी आधीच फोनवरून पैसे दिले आहेत. शाळेत शिकवतात त्या, आणि पगाराच्या आठवड्यात टेबल त्यांचं, असा आता नियमच झाला आहे.

माझी मैत्रीण परवा सुरतेला परत जाईल. उधना, लिंबायत भागांत आमची खान्देशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तीही तिथलीच झाली. तिच्या गल्लीतल्या बायकांनी भिशी लावली आहे. जिचा नंबर लागेल तिने सगळ्यांना बाहेर जेवायला न्यायचं. उठता उठता तिने पुढचं ठरवून टाकलं : दिवाळीनंतर आपण सगळ्यांनी तिच्याकडे यायचं, सासूबाईंना घेऊन. आणि त्यांच्यासाठी नूडल्स हाफ नाही, फुल सांगायच्या.