निबंधाच्या तासातून व्यवसायाकडे

(मराठी अध्यापकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

अध्यक्ष महाशय आणि अध्यापक मित्रमैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय 'विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकन हायस्कुलांतील व्यवसाय मार्गदर्शन आणि व्यवसाय मंडळे' असा छापला आहे. व्यवसाय मंडळे म्हणजे शाळा सुटल्यानंतर भरणारी, व्यापार-उद्योगाची ओळख करून देणारी विद्यार्थ्यांची मंडळे. मराठी शिकवणाऱ्यांच्या मेळाव्यात हा विषय मी मुद्दाम मागून घेतला, कारण गेली अनेक वर्षे एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे. मुलाने पुढे काय करावे हे ठरवण्यासाठी आज आपण कल चाचणी घेतो, आलेख काढतो आणि समुपदेशकाकडे बोट दाखवतो. परंतु शाळेच्या वेळापत्रकात या कामाला ज्या तासाने प्रथम जागा दिली, तो तास मानसशास्त्राचा नव्हता. तो भाषेचा, निबंधाचा तास होता. म्हणजे तुमचा आणि माझा.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचे शहर आहे. त्या काळी ते लाकडी फर्निचरसाठी देशभर प्रसिद्ध होते आणि तेथील कारखान्यांत डच व पोलिश वंशाचे कामगार मोठ्या संख्येने काम करत. या शहराच्या सेंट्रल हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून १९०७ मध्ये जेसी डेव्हिस रुजू झाले. त्यापूर्वी १८९८ पासून ते डेट्रॉइटच्या हायस्कुलात अकरावीच्या मुलामुलींना अभ्यासाविषयी आणि पुढील वाटचालीविषयी सल्ला देत असत. एकेका मुलाला खोलीत बोलावून सल्ला देण्याने सर्वांपर्यंत पोहोचता येत नाही, हे ज्याने नऊ वर्षे हे काम केले त्याला कोणी सांगावे लागत नाही. ग्रँड रॅपिड्सला आल्यावर त्यांनी इंग्रजीच्या शिक्षकांना सांगितले की, आठवड्यातील निबंधाचा एक तास या कामासाठी द्यावा.

त्यांची इयत्तावार आखणी मला तोंडपाठ आहे. सातवीत स्वतःच्या आकांक्षेविषयी लिहायचे, आठवीत शिक्षणाचे मोल काय यावर लिहायचे, नववीत थोरांची चरित्रे वाचून त्यांच्या आरशात स्वतःचा स्वभाव तपासायचा, दहावीत जगात कोणकोणती कामे चालतात त्यांची ओळख करून घ्यायची, अकरावीत निवडलेल्या कामाची पूर्वतयारी कशी करायची ते लिहायचे आणि बारावीत समाजाशी व नागरिकत्वाशी निगडित नीतीचा विचार करायचा. पहिल्याच वर्षी 'मी कोण होणार' असे विचारून मोकळे व्हायचे नाही, तर त्या प्रश्नाला सहा वर्षे मुरू द्यायचे, ही त्यातील खरी समज आहे. आपण हाच प्रश्न पाचवीत विचारतो, सातवीत पुन्हा विचारतो, नववीत पुन्हा विचारतो, आणि तिन्ही वेळा तेच उत्तर स्वीकारतो.

येथे मला माझी स्वतःची हकीगत सांगू द्या. माझे वडील छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे छपाईसाठी अक्षरांचे धातूचे खिळे जुळवणारे, होते. शाळा सुटल्यावर मी छापखान्यात जाऊन त्यांच्याजवळ उभा राहत असे. खिळ्यांच्या लाकडी केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांची कितीतरी घरे असत. वडिलांचे डोळे समोरच्या हस्तलिखितावर असत आणि उजवा हात न पाहता नेमक्या घरातून खिळा उचलून डाव्या हातातील स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, बसवत असे. उलटी अक्षरे ते सुलट्यासारखी वाचत. एका ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीसाठी बांधलेली गॅली, म्हणजे जुळवून ठेवलेला मजकूर, सोडताना मी त्यांना पाहिले आहे. आठवीत 'मोठेपणी मी कोण होणार' हा निबंध आला, तेव्हा मी हे सगळे लिहिले आणि कंपोझिटर होणार असे लिहिले. वही परत आली तेव्हा १० पैकी ३ गुण होते आणि खाली लाल शाईने शेरा होता : 'ध्येय उच्च असावे.' पुढील परीक्षेत मी मार्गदर्शिकेतील 'मी डॉक्टर होणार' हा निबंध जसाच्या तसा उतरवला. त्यात खेड्यापाड्यांतील गोरगरिबांची विनामूल्य सेवा होती. मला ८ गुण मिळाले.

ती वही मी वडिलांना दाखवली नाही. पहिलीही नाही आणि दुसरीही नाही. त्या शिक्षकांविषयी माझ्या मनात आज राग नाही; त्यांनाही तसेच शिकवले गेले असणार. परंतु त्या लाल शेऱ्याने मला दोन गोष्टी शिकवल्या : डोळ्यांनी पाहिलेले लिहू नये आणि घरातील काम हे लिहिण्याजोगे काम नसते. भाषेच्या शिक्षकाने मुलाला शिकवू नयेत अशा याहून मोठ्या गोष्टी मला ठाऊक नाहीत. पुढे मी स्वतः मराठीचा शिक्षक झालो, दरवर्षी त्याच विषयावरच्या वह्यांचे गठ्ठे तपासले, आणि सुताराच्या मुलाच्या वहीत रंधा नाही, विणकराच्या मुलीच्या वहीत माग नाही, सगळीकडे तोच डॉक्टर आणि तेच खेडे, हे पाहताना प्रत्येक वेळी मला ती स्टिक आठवत असे.

म्हणूनच फर्निचरच्या त्या शहराकडे माझे लक्ष गेले. दहावीच्या वर्षाचा विषयच मुळी जगातील काम हा असल्यामुळे तेथे सुतारकामाला, पॉलिशकामाला आणि दुकानदारीला निबंधाच्या वहीचे दार उघडे झाले. मी या योजनेची केवळ भलामण करायला उभा नाही. १९११ च्या एप्रिलमध्ये याच शहरातील हजारो फर्निचर कामगारांनी संप पुकारला आणि तो सुमारे चार महिने चालला. कष्टाला समाजात काय किंमत मिळते, हा प्रश्न शाळेच्या भिंतीपलीकडे इतक्या मोठ्याने विचारला जात असताना, बारावीतील नीतीचा निबंध त्याला पुरा पडला असेल असे मला वाटत नाही. मुलाने कोणते काम निवडावे एवढेच विचारणारी आणि त्या कामाची मजुरी कोण ठरवतो हे न विचारणारी मार्गदर्शनाची परंपरा अपुरी आहे.

व्यवसाय मार्गदर्शनाच्या चळवळीचे जनक म्हणून सर्वत्र फ्रँक पार्सन्स यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले पार्सन्स १८७३ च्या आर्थिक मंदीत रेल्वेची नोकरी गमावून बसले, त्यांनी लोखंडाच्या गिरणीत मजुरी केली, शाळेत शिकवले, वकिली केली. १९०८ च्या जानेवारीत त्यांनी बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र उघडले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये त्यांच्या मागे निघाले. स्वतःला ओळखा, कामांची माहिती मिळवा आणि दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला, ही त्यांची तीन पावले आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. येणाऱ्या तरुणाला ते शंभराहून अधिक प्रश्न विचारत. मात्र हे केंद्र शाळेबाहेरचे होते. डेव्हिस यांचे काम शाळेच्या आत होते, आणि १९१३ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली तीही ग्रँड रॅपिड्स येथेच. आपल्याकडे १९४७ मध्ये पारशी पंचायतीने मुंबईत मार्गदर्शन केंद्र काढले, ते पार्सन्स यांच्या वाटेने गेले. डेव्हिस यांच्या वाटेने आपण कधी गेलोच नाही, ही माझी तक्रार आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, आणि व्यवसाय मंडळांविषयी मी अद्याप एक शब्दही बोललेलो नाही. तेव्हा थोडक्यात सांगतो.

अमेरिकेतील सार्वजनिक हायस्कुलांत १९०० मध्ये सुमारे ५ लाख १९ हजार विद्यार्थी होते. १९२० मध्ये ते सुमारे २२ लाख झाले. एवढी मुले महाविद्यालयासाठी आली नव्हती. बहुतेकांना चार वर्षांनी कामाला लागायचे होते. त्यांच्यासाठी जमाखर्च, लघुलेखन आणि टंकलेखन यांचा वाणिज्य अभ्यासक्रम वाढला आणि त्याच्या अवतीभोवती शाळा सुटल्यानंतरची मंडळे उभी राहिली. गावातील व्यापाऱ्याला बोलावून त्याचा अनुभव ऐकणे, पेढी किंवा कारखाना पाहून येणे, सभेचे इतिवृत्त लिहिणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे, अशी त्यांची कामे होती. १९१९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे कागदाच्या कारखान्याचे मालक होरेस मोझेस आणि त्यांचे सहकारी यांनी 'ज्युनियर अचीव्हमेंट' ही संस्था काढली. तिची मंडळे शाळेबाहेर भरत आणि मुले वस्तू बनवून विकत. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजचे हॅम्डेन फोर्कनर यांनी देशातील शाळा-महाविद्यालयांत विखुरलेली व्यवसाय मंडळे एका संघटनेत आणावीत असा प्रस्ताव मांडला, तोवर अशी मंडळे हजारोंच्या संख्येने झाली होती. त्या संघटनेची पहिली शाखा १९४२ मध्ये टेनेसीतील जॉन्सन सिटी येथील हायस्कुलात निघाली.

या मंडळांची एक उणीव सांगितली पाहिजे. वाणिज्य अभ्यासक्रमाने मुलींसाठी दार उघडले खरे, पण ते बहुधा टंकलेखन यंत्रापर्यंतच नेत असे. १९२० च्या सुमारास तेथील लघुलेखक आणि टंकलेखकांपैकी दहात नऊ स्त्रिया होत्या. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१५ च्या सुमारास संकुचित व्यवसाय शिक्षणाला विरोध केला, तो अशाच कारणासाठी. शाळेने मुलाला आहे त्या उद्योगव्यवस्थेत बसवून द्यावे, हे त्यांना मान्य नव्हते.

तरीही निबंध आणि मंडळ यांची जोडी मला हवी आहे. निबंधात मूल काम करणाऱ्याकडे जाऊन विचारते आणि पाहिलेले लिहिते. मंडळात ते स्वतः थोडे काम करून पाहते. 'ज्युनियर अचीव्हमेंट'मध्ये पुढे जी पद्धत रूढ झाली, तिच्यात मुले छोटी कंपनी काढत, ओळखीच्यांना समभाग विकत, वस्तू बनवत, त्या दारोदार विकत, आणि वर्षअखेरीस देणी चुकती करून, उरलेले पैसे भागधारकांना वाटून, सह्या करून कंपनी बंद करत. मेणबत्त्या, पापड, कापडी पिशव्या, कशानेही हे आपल्या शाळेत करता येईल. त्या वर्षाचा हिशेब आणि त्याची हकीगत मुलांनी निबंधाच्या वहीत लिहावी, आणि ती वही तपासणारा हात मराठीच्या शिक्षकाचा असावा, एवढी माझी मागणी आहे.