शाउरु

(दृश्य: पालेर्मोजवळची संत्र्यांची बाग, झाडं पांढऱ्या फुलांनी भरलेली)

इटलीतलं सिसिली बेट, वसंत ऋतू. बागेत शिरणारा माणूस आधी थबकतो, छातीभर श्वास घेतो आणि मग म्हणतो, "की शाउरु!" काय दरवळलंय!

(दृश्य: कागदावर लिहिलेला शब्द)

कागदावर लिहिलेलं इटालियनसारखं वाचून बोलाल तर 'चाउरु' म्हणाल आणि फसाल. या शब्दातल्या पहिल्या आवाजासाठी इटालियन वर्णमालेत अक्षरच नाही. जुन्या सिसिलियन लिखाणात त्यासाठी 'एक्स' वापरत. हल्ली कुणी 'सी' लिहितं, कुणी 'एस-सी'.

म्हणून बघा. 'य' म्हणताना जीभ जिथे वर उचलता तिथेच ठेवा आणि आवाज न काढता नुसती हवा सोडा. 'श' आणि 'ह्य' यांच्या मधलं काहीतरी उमटेल. हा झाला जुना उच्चार; पुष्कळ जण सरळ 'श' म्हणतात. जोर पहिल्या 'शा'वर, 'उ' त्याला चिकटून, 'रु' हलकेच.

मूळ लॅटिन 'फ्राग्रारे', म्हणजे सुवास सुटणं. एकाच शब्दात दोनदा 'र' जिभेला जड गेला, म्हणून पहिल्याचा 'ल' झाला: 'फ्लाग्रारे'. सिसिलियन तोंडात सुरुवातीचा 'फ्ल' टिकत नाही. 'फ्लोरेम'चं झालं 'शुरि', म्हणजे फूल. 'फ्लुमेन'चं 'शुमि', नदी. आणि 'र'च्या आधीचा 'ग' विरघळून 'उ' झाला. काळ्या रंगाचा लॅटिन 'निग्रुम' तिथे 'निउरु' झाला, तसाच.

या घराण्यातली भावंडं लांब पांगली आहेत. फ्रेंचांनी 'फ्ल' राखला, त्यातूनच इंग्रजीतला 'फ्लेअर', म्हणजे उपजत हातोटी, आला. पोर्तुगीजांनी मात्र 'शेइरु' केलं. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या आजीला विचारा, वासाला हाच शब्द सांगेल.

मराठीत नुसतं "वास येतोय" म्हटलं की आपण नाक मुरडतो. शाउरुचं उलट आहे. ताज्या पावाचा शाउरु, समुद्राचा शाउरु. दुर्गंधीला वेगळा शब्द आहे, 'फेतु'.

(दृश्य: पुन्हा बाग, फुलांवर मधमाशी)

आणि संत्र्याच्या या फुलाचं नाव 'जागरा', 'जागा'मधला ज. ते अरबी 'जहर'वरून, म्हणजे फूल, विष नव्हे! इसवी सन 831 मध्ये पालेर्मो अरबांच्या हाती गेलं, आणि कडू संत्रं, लिंबू तिथे रुजलं ते त्यांच्याच काळात.

शाउरु दि जागरा. आता श्वास सोडत म्हणा.