बर्फ पडणार म्हणे, पण पडलाय का?

नमस्कार मंडळी. हिवाळा तोंडावर आला की हल्ली आपल्याकडं एक नवीन टूम निघते, गुलमर्गला स्की करायला जायचं. जावा की, चांगलंय. पण बॅग भरायच्या आधी एक वाक्य पाठ करा, मी ते आज दोन-तीनदा म्हणणार आहे, कंटाळू नका. पडणारा बर्फ वेगळा आणि पडलेला बर्फ वेगळा.

म्हणजे बघा, जुलैत आपण काय करतो? हवामान खात्याचा अंदाज ऐकतो, पण जीव अडकलेला असतो आपल्या कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर. पंचगंगा 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, हे शाळेतल्या पोरालाबी पाठ आहे. अंदाज सांगतो येणारं पाणी, बंधारा सांगतो आलेलं पाणी. मोबाईलमध्ये दिसतो तो येणारा बर्फ, आणि स्की करायची असते ती आलेल्या बर्फावर.

आता आमच्या गल्लीतल्या दादांची गोष्ट. नाव सांगत नाही, तेबी ऐकत असतील. दादांनी जानेवारी 2024 ची तिकिटं दसऱ्यालाच काढली, स्वस्त मिळाली म्हणून, आणि आम्हा दोस्तांनाबी ओढलं. त्यांचा हिशोब एकदम सरळ, काश्मिरात 21 डिसेंबरपासनं चाळीस दिवस चिल्लई कलान असतं, सगळ्यात कडाक्याची थंडी, म्हणजे बर्फ असणारच. आता नुसत्या थंडीनं बर्फ पडत नाही हो, त्याला ओल लागते. ती ओल येते पार भूमध्य समुद्राकडनं, ते वेस्टर्न डिस्टर्बन्स का काय म्हणतात बातम्यांत, त्यांच्याबरोबर. ते आले तर बर्फ, नाही आले तर कोरडं ऊन आणि गारठा. आणि त्या जानेवारीत ते जवळजवळ फिरकलेच नाहीत. आम्ही पोचलो तर गुलमर्गचं मैदान उघडंबोडकं, पिवळं गवत, स्लेजवाले उन्हात बसलेले, लांब वर अफरवटच्या डोंगरावर तेवढं पांढरं.

दादांच्या मोबाईलमध्ये मात्र रोज बर्फ. सकाळी उठले की स्क्रीन आमच्या तोंडासमोर, "गुरुवारी बघ, पंधरा सेंटीमीटर दाखवतंय." गुरुवार उजाडला, कडक ऊन, आणि ते बर्फाचं चित्र गेलं रविवारवर. रविवार आला तर बुधवारवर. (हे ॲपवाले गोंडस चित्रं काढतात ना, त्यानंच माणूस फसतो असं माझं स्पष्ट मत आहे, नुसते आकडे दिले असते तर कुणी एवढा विश्वास ठेवला नसता.) शेवटी दादा म्हणाले, स्कीचं भाडं भरलंय, वाया घालवणार नाही. ते जड बूट चढवले, हेल्मेट घातलं, गॉगल लावला आणि गवतावर स्की घालून उभे. आम्ही फोटो काढायला लागलो तोवर दुकानवाला पोरगा पळत आला, "साब, घास पे मत चलाओ, नीचे से खराब होगा!" दादा म्हणाले, "चलाता नही भावा, खडा हूं फक्त." तो फोटो आमच्या तालमीच्या ग्रुपवर अजून फिरतोय, प्रत्येक गणपतीत कुणीतरी काढतंच.

आणि पुढची गंमत ऐका. आम्ही परत आलो, जानेवारी संपत आला आणि तिकडं बर्फ सुरू झाला, फेब्रुवारीत तर धो धो. दादा रंकाळ्यावर भेळ खात बसलेले, आणि तिथला स्की शिकवणारा त्यांना व्हिडिओ पाठवतोय, गुडघ्यापर्यंत बर्फ! त्याच फेब्रुवारीत तिथं खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा झाल्या. पुढच्या वर्षी 2025 ला उलटं, फेब्रुवारीत बर्फच नाही म्हणून तीच स्पर्धा मार्चमध्ये ढकलावी लागली. सरकारी स्पर्धेची ही गत, मग आपल्या स्वस्त तिकिटाचं काय घेऊन बसलाय.

तर अंदाज कसा बघायचा? पुढच्या तीन दिवसांचा बऱ्यापैकी खरा माना, पाच दिवसांचा म्हणजे नुसती चाहूल, आणि दहा दिवसांचा करमणूक म्हणून बघा. दुसरं, उंची विचारा. गुलमर्गचं मैदान साधारण 2650 मीटरवर, गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला 3100 च्या आसपास आणि दुसरा टप्पा अफरवटवर जवळजवळ 3950. हजार मीटर वर गेलं की साधारण सहा-सात डिग्री थंडी वाढते, म्हणजे खाली भुरभुर पाऊस आणि वर मस्त भुसभुशीत बर्फ असं होतं, आणि ॲप त्यातलं नेमकं कुठलं सांगतंय ते बघितल्याशिवाय कळत नाही. अंदाजात पाऊस मिलिमीटरमध्ये असेल तर ढोबळ हिशोब, एक मिलिमीटर पाण्याचा एक सेंटीमीटर बर्फ, थंडी जास्त असली तर थोडा जास्तच.

आणि पडलेला बर्फ? त्याला फोन करायचा. दादा आता तेच करतात. तिथल्या माणसाला विचारायचं, खाली थर किती आहे, शेवटचा बर्फ कधी पडला, आणि काल गोंडोलाचा दुसरा टप्पा चालू होता का. शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण वर वारा सुटला की तो टप्पा बंद, मोप बर्फ असला तरी तुम्ही खालीच.

भरपूर बर्फ पडला म्हणजे लगेच वर पळायचं असंबी नाही. ताज्या बर्फानंतरच हिमस्खलनाची भीती जास्त असते, गुलमर्गला 2023 आणि 2024 दोन्ही फेब्रुवारीत परदेशी स्कीवाले त्यात गेलेत. चंदीगडची डीजीआरई, म्हणजे हिमस्खलनाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था, धोक्याचा इशारा देते, एक ते पाच अशी पायरी असते, तो वाचा, आणि गोंडोलाच्या हद्दीबाहेर गाईडशिवाय जाऊच नका. आपल्याकडं पन्हाळ्याच्या धुक्यात हेडलाईट न लावता गाड्या हाणणारी पोरं आहेत, त्यांना हे सांगून काय उपयोग म्हणा, पण सांगणं माझं काम.

राहिलं तिकिटाचं. परतीला एक-दोन दिवस मोकळे ठेवा, कारण जो बर्फ तुम्हाला हवाय तोच श्रीनगरचं विमान रद्द करतो. आणि बर्फ पडला की पायथ्याच्या टंगमर्ग गावापासनं गुलमर्गपर्यंतचे 13 किलोमीटर चाकाला चेन लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाडीनंच सोडतात, ती तिथंच ठरवा, श्रीनगरच्या गाडीवाल्याशी त्यावरनं वाद घालत बसू नका. चला, बातम्यांची वेळ झाली.