सासूबाईंचा आकडा आणि रेडिएटरचा पंखा

नमस्कार श्रोतेहो. आंबे निघालेत, सुट्ट्या लागल्यात आणि घाटाघाटांत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्याही दिसायला लागल्यात. शेजारून जाणारा म्हणतो, ‘पाणी संपलं असेल.’ असेलही. पण पुष्कळदा पाणी जागच्या जागी असतं आणि फिरत नसतो तो रेडिएटरचा, म्हणजे इंजिनाचं तापलेलं पाणी निववणाऱ्या जाळीचा, पंखा. आज त्याच्याविषयी.

पूर्वी अँबॅसिडरचा पंखा पट्ट्यावर चालायचा. इंजिन फिरलं की पंखा फिरला, विषय संपला. हल्लीच्या बहुतेक मोटारींत हा पंखा विजेचा असतो. पाणी साधारण 95 ते 100 अंशांच्या आसपास तापलं की तो सुरू होतो, थोडं निवलं की थांबतो. म्हणजे तो सारखा फिरत नाही हे बरोबरच आहे. आपण बघायचं ते इतकंच, की फिरायच्या वेळी तो फिरतो की नाही.

मला हे कळलं कुंभार्ली घाटात. आमची तेव्हाची गाडी जुनी, दहा वर्षांची. चिपळूणहून कराडला निघालो होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी आमचे हे, मागे सासूबाई आणि डिकीत हापूसच्या दोन पेट्या. पोफळी सोडली, चढण लागली आणि पुढे आला एक लादलेला ट्रक. पहिल्या गिअरवर, मुंगीच्या पावलानं. इंजिनावर भार नको म्हणून आम्ही शहाण्यासारखा एसी बंद केला, काचा खाली केल्या. तरी तापमानाचा काटा वर. समोरून उतरणारे थांबायचं नाव घेत नव्हते. घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, हा नियम आहे, उपकार नव्हे! पण उताराला लागलेल्या माणसाला सगळा रस्ता आपल्याच सातबाऱ्यावर आहे असं वाटतं. असो.

काटा लाल पट्टीला टेकला तशी एका वळणावर गाडी बाजूला घेतली. हे पाण्याची बाटली घेऊन उतरले ते थेट रेडिएटरच्या झाकणाकडे. तेवढ्यात मागून आरोळी आली, “ओ साहेब, हात नका लावू! तोंड भाजंल!” मागे एक टेम्पो थांबला होता, कोंबड्यांचे रिकामे पिंजरे घेऊन चाललेला. त्याचा ड्रायव्हर धावत आला. आत पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल केलं की उकळतं पाणी आणि वाफ उसळून अंगावर येते. हे दोनदा सांगते : गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही.

अर्धा तास आम्ही कठड्यावर बसलो. मग त्यानं बाजूची पांढरी टाकी पाहिली. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, दोन खुणांच्या मध्ये, व्यवस्थित. “ताई, आता चालू करा आन् काट्यावर ध्यान ठेवा.” काटा चढला, मधल्या खुणेच्या वर गेला. पंखा गप्प. “आता एसी लावा.”

मी एसीचं बटण दाबलं आणि पंखा भर्रकन फिरायला लागला.

एसी लावला की पंखा फिरतो, कारण एसीच्या जाळीलाही वारा लागतो. म्हणजे मोटर चांगली, फ्यूज चांगला, बिघाड फक्त पाणी तापल्याची वर्दी देणाऱ्या खटक्यात. आणि पंखा फिरवू शकणारी एकच गोष्ट आम्ही इंजिनाची दया येऊन बंद करून बसलो होतो! हे माझ्याकडे बघेनात, मी यांच्याकडे बघेना.

त्या ड्रायव्हरनं मग एसी आणि इंजिन बंद करायला लावलं, रेडिएटरच्या खालच्या अंगाला हात घालून खटक्याचा दोन भोकांचा प्लग ओढला आणि विचारलं, “वायरचा तुकडा हाय का?” नव्हता. त्याची नजर सासूबाईंच्या अंबाड्यावर गेली. सासूबाईंनी न बोलता एक आकडा काढून दिला, मग म्हणाल्या, “अगं, रंग आहे ना त्याच्यावर? वीज जाईल का त्यातून?” ड्रायव्हर बघतच राहिला. त्यानं चाकूनं दोन्ही टोकांचा काळा रंग खरवडला, आकडा प्लगच्या दोन भोकांत बसवला, वर चिकटपट्टी गुंडाळली. मी चावी फिरवली. पंखा सुरू! आणि तो कोयनानगर, पाटण मागे टाकून कराडपर्यंत अखंड फिरत राहिला. (हल्ली ते प्लास्टिकचे चिमटे निघालेत, वाघाच्या जबड्यासारखे. केस धरत नाहीत, पंखा तर सोडाच.)

आता तुमची गाडी नवी असेल तर हा उद्योग करू नका. तिथे खटका नसतो, सेन्सर असतो आणि निर्णय इंजिनाचा संगणक घेतो. कित्येक गाड्यांत सेन्सरचा प्लग नुसता निघाला तरी संगणक सावधगिरी म्हणून पंखा चालूच ठेवतो. तेव्हा पंखा थांबतच नाही अशी तक्रार असेल, तर तो प्लगही बघून घ्या.

एसी लावूनही पंखा गप्प राहिला तर? मग फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज सोडणारी छोटी डबी), मग मोटर, या क्रमानं. रिले तपासायला फ्यूजच्या पेटीतला त्याच नंबरचा दुसरा रिले लावून पाहतात. इंजिन बंद आणि थंड असताना पाती काठीनं फिरवून बघा, जड फिरली तर मोटर अडकतेय. हात घालू नका. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

आणि पंखा फिरतोय तरी काटा वर? मोकळ्या रस्त्यावर गाडी थंड आणि गर्दीत गरम, तर संशय पंख्यावर. मोकळ्या रस्त्यावरच गरम, तर पंख्याला सोडा, रेडिएटर आणि थर्मोस्टॅट, म्हणजे तापलेलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, बघा. मोटर नुकतीच बदलली असेल, तर एसी चालू ठेवून पुढच्या जाळीला एक कागद लावा. तो चिकटून राहायला हवा. उडून गेला तर वायरी उलट जोडल्यात, पंखा हवा आत ओढायच्या ऐवजी बाहेर फेकतोय.

घड्याळ वेळ झाली म्हणतंय. आकड्याचं राहिलं. कराडच्या मेकॅनिकनं नवा खटका बसवला आणि आकडा बॅटरीवर ठेवून दिला. निघताना सासूबाईंनी काच खाली केली. “अहो, तो माझा आकडा द्या इकडे.” पदराला पुसला आणि अंबाड्यात खोवला.

नमस्कार.