चंद्रावर साडेअठ्ठावीस टन इंधन

मंडळी, विषय जाहीर झालाय तो ‘रॉकेट इंजिनाचा आयएसपी सेकंदांत का सांगू नये’ असा. आयएसपी म्हणजे इंजिन इंधन किती काटकसरीनं वापरतं याचं माप. तिकडे येतोच, पण आधी तागडी.

आमच्या आळीत वाण्याकडे तागडी होती. एका पारड्यात तूरडाळ, दुसऱ्यात लोखंडी माप. दारावर येणाऱ्या रद्दीवाल्याकडे ताणकाटा. आकड्याला गठ्ठा अडकवला की आतली स्प्रिंग ताणली जायची आणि काटा सरकायचा. दोघंही ‘किलो’च म्हणायचे. आता दोघांना चंद्रावर न्या. वाण्याची किलोभर डाळ तिथेही किलोभरच, कारण डाळ आणि माप दोन्ही सारखीच हलकी झाली. रद्दीवाल्याचा सहा किलोंचा गठ्ठा मात्र एक किलो भरेल! वाणी वस्तुमान मोजत होता, रद्दीवाला वजन, म्हणजे बल. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं 1901 सालीच हे बजावून ठेवलंय: किलोग्रॅम वस्तुमानाचा, वजन ही बलाच्या जातीची राशी. त्याच वेळी प्रमाण गुरुत्वत्वरणाचा, म्हणजे ‘जी’चा, आकडा ठरला, 9.80665 मीटर प्रति सेकंद वर्ग. तो डोक्यात राहू द्या.

बाजारात हा घोळ खपून जातो, कारण बाजार पृथ्वी सोडून कुठे जात नाही. रॉकेट जातं.

माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. गणित दिलं होतं: चंद्राच्या कक्षेतून यान उतरवायचं, वेग सेकंदाला 1,700 मीटरनं कमी करायचा, आयएसपी 310 सेकंद. गुरुत्वामुळे होणारा तोटा धरायचा नाही. जमिनीवर एक टन टेकायला हवं, तर इंधन किती? तिचं उत्तर आलं साडेअठ्ठावीस टन. खरं उत्तर पाऊण टन. मी वही उघडली, ओळीनं ओळ तपासली. लॉगरिदम बरोबर, बेरीज-वजाबाकी बरोबर. फक्त सूत्रात ‘जी’ होता आणि यान चंद्रावर होतं, म्हणून तिनं चंद्राचा 1.62 घातला. मला सांगा, तिचं काय चुकलं? चिन्ह गुरुत्वाचं, जागा चंद्राची! मी त्या दिवशी तिचे गुण कापले. तो निर्णय चूक होता, असं मी आज इथे उभं राहून सांगतो. दोष त्या ‘जी’चा आहे.

नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या मंगळाकडे गेलेल्या यानाचं उदाहरण तुम्ही सगळे देता. 1999 साली जमिनीवरच्या सॉफ्टवेअरनं आवेग, म्हणजे बल गुणिले वेळ, पाउंड-सेकंदांत दिला, पुढच्यांनी तो न्यूटन-सेकंद समजून घेतला, 4.45 पटींचा फरक पडला आणि यान मंगळाच्या वातावरणात फार खोल शिरलं. तिथे बलाच्या दोन एककांची गफलत होती. माझी तक्रार त्याच्याही मुळाशी जाते. पाउंड काय, किलो काय, एकाच नावानं वस्तुमानही सांगतो आणि बलही.

दहाच मिनिटं उरलीत अशी चिठ्ठी आलीय. तर झटपट मुद्दा.

आयएसपी म्हणजे इंजिनाचा रेटा भागिले दर सेकंदाला जळणारं इंधन. रेटा किलोत, इंधन किलोत. किलोला किलो कापला, उरले सेकंद. पण वरचा किलो रद्दीवाल्याचा आणि खालचा वाण्याचा! ते कापताच येत नाहीत. कापले, म्हणून भरपाईला सूत्रात 9.80665 परत आणावा लागतो. तो कुठल्याच ग्रहाचा नाही, मंगळावरही तोच. तो नुसता रूपांतराचा आकडा आहे. सेकंदांची सोय मला कळते: पाउंडवाल्याचा आणि किलोवाल्याचा आकडा एकच येतो. पण रेटा न्यूटनमध्ये मांडला की भागाकारातून थेट वेग मिळतो, मागून वायू ज्या वेगानं बाहेर पडतात तो. आपल्या इस्रोच्या सीई-20 इंजिनाचे सुमारे 442 सेकंद म्हणजे सेकंदाला साधारण 4.3 किलोमीटर. इंधनाचा हिशोब करणाऱ्या त्सिओल्कोव्हस्कीच्या रॉकेट समीकरणाला हाच वेग लागतो, ‘जी’ लागतच नाही.

इथे शिकवणारे बरेच जण बसलेत. पुढच्या पेपरात सेकंद द्यायचेच असतील, तर सूत्रात ‘जी’ लिहू नका, 9.80665 हा आकडाच छापा.