खोकला लपवू नका

मंडळी, गोरिला बघायला निघालेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तो अंगावर धावून आला तर? आधी हा प्रश्न निकालात काढू. पळायचं नाही. खाली बसायचं, नजर जमिनीकडे, गाईड सांगेल तेवढंच करायचं. सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवर रुपेरी केस आलेला गटाचा कर्ता नर, बहुतेक वेळा नुसता दम देऊन थांबतो. मला बोलायचंय ते उलट्या बाजूचं. त्याच्यापुढे जाताना आपण काय घेऊन जातो?

आपला आणि त्याचा डीएनए साधारण ९८ टक्के सारखा. त्यामुळे आपली सर्दी त्याला लागते, आणि त्याला ती सोसेलच असं नाही. २००९ साली रवांडात एका गटात श्वसनाची साथ आली. गटाचं नाव हिरवा. आपल्या कानाला गंमत वाटते, पण तिथल्या भाषेत त्याचा अर्थ नशीबवान. त्या नशीबवान गटातली एक मादी आणि एक पिल्लू गेलं, आणि दोघांच्या नमुन्यांत माणसांत आढळणारा विषाणू सापडला. त्याआधी १९९६ मध्ये युगांडातल्या बविंडीच्या जंगलात गोरिलांना खरूज झाली होती. केस गळून अंग पांढरं पडलं, एक पिल्लू दगावलं. शेतातल्या बुजगावण्यांवर घातलेल्या जुन्या कपड्यांतून ती आली असावी, असा अंदाज आहे. बुजगावणं! तेव्हा तिथे पशुवैद्य असलेल्या ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी पुढे जंगलाकाठच्या माणसांच्या आरोग्याचंच काम हाती घेतलं, ते यातून.

२०१८च्या आसपासच्या मोजणीत पर्वतीय गोरिला हजाराच्या थोडे वर भरले, १०६३. तेही दोनच जंगलांत. एवढ्या थोड्यांत साथ शिरली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून नियम. एका गटाकडे दिवसाला आठच पाहुणे, एकच तास, पंधरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. अंतर पूर्वी सात मीटर होतं, कोविडनंतर दहा झालं आणि मास्क आला. फ्लॅश बंद, जवळ खाणं बंद. पोटाची घाई झालीच तर गाईडला सांगून फूटभर खोल खड्डा, आणि नंतर तो बुजवायचा.

आता खरं सांगतो, बविंडीत दहा मीटरवर कधीकधी नुसती पानंच दिसतात. मग पाय आपोआप पुढे सरकतात. इन्स्टाग्रामवरचे ८५८ फोटो एका अभ्यासात तपासले, तर ८६ टक्के फोटोंत माणसं चार मीटरच्या आत होती. कधी पिल्लूच कुतूहलानं आपल्याकडे येतं, तेव्हाही मागे आपणच व्हायचं. त्याला नियम कोण शिकवणार? ताडोबात वाघाभोवती जिप्सी कशा दाटतात ते तुम्ही पाहिलंय. इथे तर मध्ये जिप्सीसुद्धा नसते.

परमिट युगांडात ८०० डॉलर, रवांडात १५००. वर विमानाचं तिकीट. एवढे पैसे मोजलेला माणूस आदल्या दिवशी ताप आला तर सांगेल का? आमच्या चमूत एक काका होते. रात्रभर खोलीतून खोकला ऐकू येत होता. सकाळी रेंजरनं विचारलं, कुणाला बरं नाही का? सगळे गप्प. काकांच्या गालात ज्येष्ठमध. मला दिसत होतं, आणि मीही गप्प बसलो. वर पोहोचून वीसेक मिनिटं झाली असतील, समोर एक आई पिल्लाला पोटाशी धरून पाला ओरबाडत होती, आणि काकांना उबळ आली. कोपरात तोंड खुपसलं, पण रेंजरनं ऐकलंच. हाताला धरून त्यांना खाली नेलं. पुढची चाळीस मिनिटं मी गोरिला पाहिले नाहीत, खरं म्हणजे.

तेव्हापासून आदल्या रात्री जेवणं झाली की मी प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारतो. सगळ्यांदेखत कुणी हात वर करत नाही.